जँगोसारखं मोकळं वाजवायचं तर सुरुवात कुठून करावी

गिटारवर चार-पाच कॉर्ड धरता येतात, एखाद्या गाण्याला साथही करता येते, आणि एक दिवस कुणीतरी जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टचं ‘मायनर स्विंग’ ऐकवतं. तीन मिनिटांची ध्वनिमुद्रिका, १९३७ सालची. ड्रम नाहीत, पियानो नाही. नुसत्या तारा, आणि त्यातून असा वेग आणि असा खुशालपणा की हातातली गिटार खाली ठेवावीशी वाटते. हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांना ती खाली न ठेवता पुन्हा उचलायची आहे.

सगळ्यांची पहिली चूक मी स्वतः दोन वर्षं केली. जँगो म्हणजे वेग, असं समजून मी वेगाच्याच मागे लागलो. बोटं पळायला लागली, पण वाजवणं घट्ट, आवळलेलं. पुढे लक्षात आलं की या माणसाचा मोकळेपणा बोटांत नाहीच. तो ठेक्यात आहे. मागे दोन गिटार आणि एक डबल बास अशी भक्कम जमीन धरून ठेवतात की वरच्याला कुठेही उडी मारता येते. म्हणून या लेखातला क्रम थोडा उलटा वाटेल: आधी साथ, मग उजवा हात, मग सूर आणि सर्वांत शेवटी धाडस.

हा माणूस कोण, एवढं तरी माहीत असू द्या

जँगोचा जन्म २३ जानेवारी १९१० चा, बेल्जियममधल्या लिबर्शी गावाजवळ थांबलेल्या एका रोमा (युरोपातला भटका समाज) कुटुंबाच्या घोडागाडीतला. बालपण पॅरिसच्या वेशीवरच्या तळांवर गेलं. तो ज्या समाजाचा, त्याला फ्रेंचमध्ये ‘मानूश’ म्हणतात, आणि हा शब्द रोमानी भाषेतला, अर्थ ‘माणूस’. रोमा लोकांचे पूर्वज भारतातून गेलेले. त्यांचे आकडे मराठी कानाला लगेच ओळखू येतात: एक, दुय, त्रिन, श्तार, पांज. ‘जँगो’ या नावाचाही अर्थ ‘मी जागा होतो’ असा सांगितला जातो. जागणं आणि जँगो एकाच मुळातले, हे कळलं तेव्हा मला फार जवळचं वाटलं होतं.

१९२८ च्या नोव्हेंबरात त्याच्या गाडीला आग लागली. बायको सेल्युलॉइडची फुलं करून विकायची, ती भराभर पेटली. जँगो तेव्हा अठरा वर्षांचा होता. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी कायमची आखडली. दीडेक वर्ष तो अंथरुणाला होता. भाऊ जोसेफने गिटार आणून दिली आणि त्याने उरलेल्या दोन बोटांनी सगळं नव्याने बसवलं. आखडलेली बोटं बारीक एक-दोन तारांवर कॉर्ड धरायला थोडीफार उपयोगी पडत, पण धावत्या सुरावटी मात्र तर्जनी आणि मधल्या बोटावरच. पुढे १९३४ मध्ये व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेलीबरोबर पॅरिसच्या हॉट क्लबचा (जॅझप्रेमींच्या मंडळाचा) पंचक वाद्यवृंद उभा राहिला: एक व्हायोलिन, तीन गिटार, एक बास. जँगोला नोटेशन वाचता येत नव्हतं, लिहिताही नाही. १६ मे १९५३ ला, त्रेचाळिसाव्या वर्षी, तो गेला.

पहिली पायरी: पंधरा दिवस फक्त ऐका

खूप नको, चारच मुद्रिका घ्या. ‘मायनर स्विंग’ (१९३७) ही आपली अभ्यासाची. ‘आय विल सी यू इन माय ड्रीम्स’ (१९३९) यात व्हायोलिन नाही, एक साथीची गिटार आणि बास एवढंच. म्हणून जँगोची प्रत्येक ओळ स्वच्छ ऐकू येते. ‘न्वाज’ (१९४०), म्हणजे ढग: जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये लोकांनी उराशी धरलेली संथ धून. आणि ‘बिल कोलमन ब्लूज’ (१९३७): फक्त ट्रम्पेट आणि गिटार. हा ट्रम्पेटवादक बिल कोलमन त्याआधी थोडेच महिने लिऑन ॲबीच्या वाद्यवृंदाबरोबर मुंबईत, ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. ज्या शहरात गोव्याचे वादक जॅझ शिकत होते तिथून निघून तो थेट जँगोच्या शेजारी उभा राहिला, हे ती मुद्रिका लावताना आठवावं.

ऐकताना आधी जँगोकडे लक्ष देऊच नका. मागच्या गिटारी ऐका. मग बास. मग जँगो कुठे थांबतो ते. तो काय वाजवतो हे सगळ्यांत शेवटी. त्याच्या सोलोची एखादी ओळ गुणगुणता आली की समजा कान तयार व्हायला लागला. गुणगुणता येत नसेल तर ती बोटांनाही यायची नाही.

गिटार आणि पिक

जँगोची गिटार सेल्मर कंपनीची, मारिओ माकाफेरीच्या आराखड्यातून १९३२ पासून पॅरिसमध्ये बनायला लागलेली. तारेची लांबी साधारण ६७ सेंटिमीटर, म्हणजे नेहमीच्या गिटारीपेक्षा जरा जास्त. आवाज कोरडा, धारदार, लांब पोचणारा. त्याची एक सेल्मर, क्रमांक ५०३, आज पॅरिसच्या संगीत संग्रहालयात आहे. तुम्हाला अशी गिटार लागणार नाही. घरात असलेली स्टीलच्या तारांची ॲकूस्टिक पुरते. नायलॉनच्या तारांवर मात्र हा ठेका बसत नाही. तारा हलक्या, दहा किंवा अकराच्या (सर्वांत बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) घ्या.

पैसे खर्चायचेच असतील तर पिकवर खर्चा. जाड, अजिबात न वाकणारं, दोन-तीन मिलिमीटरचं. पातळ पिकने वाजवून आवाज का येत नाही म्हणून हैराण झालेले कितीतरी जण मी पाहिलेत.

दुसरी पायरी: ला पाँप

साथीच्या या ठेक्याला फ्रेंचमध्ये ‘ला पाँप’ म्हणतात, म्हणजे पंप. खालून वर दाब देत राहणारा. ड्रम नसलेल्या या वाद्यवृंदाचा ड्रम हाच.

चार मात्रा. पहिली आणि तिसरी: जाड तारांकडे हलका डाउनस्ट्रोक, सूर किंचित रेंगाळू द्यायचा. दुसरी आणि चौथी: सगळ्या धरलेल्या तारांवर झटक्यात, ठसठशीत, आणि आवाज येताक्षणी डाव्या हाताची पकड सैल करून तारा मुक्या करायच्या. बोटं तारांवरून उचलायची नाहीत, फक्त दाब काढायचा. ‘धूं-चक, धूं-चक’ असा आवाज हवा. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेच्या किंचित आधी एक निसटता अपस्ट्रोक येतो, पण तो पहिला महिनाभर विसरा. खालचे चार स्ट्रोक पक्के झाले की मनगट तो आपोआप घ्यायला लागतं; घाईने घातलेला अपस्ट्रोक ठेका लंगडा करतो.

तबला ऐकत वाढलेल्या आपल्या कानाला इथे खरी अडचण येते. आपला हात समेवर पडतो. टाळी, मान, सगळं पहिल्या मात्रेवर. इथे वजन दुसऱ्या आणि चौथीवर आहे. त्यामुळे मेट्रोनोम लावताना तो चारही मात्रांवर न लावता फक्त दुसऱ्या आणि चौथीवर वाजेल असा लावा, म्हणजे वेग अर्धा ठेवा आणि प्रत्येक टिक ‘दोन’ आणि ‘चार’ समजा. पहिले दोन-तीन दिवस तो सारखा उलटा पडेल. मग एका संध्याकाळी बसतो, आणि बसला की बसला.

कॉर्ड तीनच. सहावी तार म्हणजे सर्वांत जाड.

ए मायनर सिक्स: सहावी तार पाचवा फ्रेट, चौथी तार चौथा, तिसरी पाचवा, दुसरी पाचवा. पाचवी आणि पहिली तार मुकी.

डी मायनर सिक्स: पाचवी तार पाचवा फ्रेट, चौथी तिसरा, तिसरी चौथा, दुसरी तिसरा.

ई सेव्हन: पाचवी तार सातवा फ्रेट, चौथी सहावा, तिसरी सातवा, दुसरी पाचवा.

कुठेही मोकळी तार वाजत नाही, हे लक्षात आलं असेल. मोकळी तार मुकी करता येत नाही, म्हणून. साधा मायनर न धरता सिक्स धरायचा, कारण तो सहावा सूर, ए मायनरमधला एफ शार्प, या संगीताचा वास आहे. साधा मायनर उदास होतो. सिक्स उदास असूनही चालत राहतो.

‘मायनर स्विंग’ची सोलोची चौकट सोळा बारांची, प्रत्येक बार चार मात्रांचा. आपण त्याला चौसष्ट मात्रांचं आवर्तन म्हणू. ए मायनर दोन बार, डी मायनर दोन, ई सेव्हन दोन, ए मायनर दोन. मग डी मायनर दोन, ए मायनर दोन, ई सेव्हन दोन आणि परत ए मायनर दोन. शेवटच्या भागात वेगवेगळे वादक छोटे फेरफार करतात, ते नंतर. धुनेला सुरुवातीला एक छोटी प्रस्तावना आणि शेवटी तीच समारोपाला. मधली सगळी जागा उपजेची. ख्यालाच्या बंदिशीची सवय असलेल्याला ही रचना परकी वाटू नये.

रोज वीस मिनिटं, मिनिटाला शंभर मात्रांच्या आसपास, हे आवर्तन फिरवा. मनगट दुखायला लागलं तर थांबा. दुखणं म्हणजे तुम्ही कोपरातून मारताय. आवर्तन न मोजता कुठे संपतं हे पोटातून कळायला लागेपर्यंत पुढे जाऊ नका. ही एकच अट मी सगळ्या नवशिक्यांना घालतो.

तिसरी पायरी: टेकवलेला स्ट्रोक

त्या काळी नाचगाण्याच्या गर्दीत, ॲम्प्लिफायरशिवाय ऐकू जायचं होतं. त्यातून आलेली ही उजव्या हाताची पद्धत. मनगट थोडं वाकलेलं, हात गिटारच्या अंगावर किंवा ब्रिजवर (तारा जिच्यावरून जातात त्या घोडीवर) न टेकवता मोकळा लोंबता. डाउनस्ट्रोक मारला की पिक हवेत जात नाही, खालच्या तारेवर जाऊन टेकतं. हाताचं वजन सुरात उतरतं.

आणि नियम एकच: तार बदलली की डाउनस्ट्रोक. आधीचा स्ट्रोक काहीही असो. एका तारेवर दोन सूर असतील तर खाली-वर, आणि पुढच्या तारेवर पुन्हा खाली.

हे अंगवळणी पाडायला एकच सराव देतो. फक्त तर्जनी आणि मधलं बोट वापरा. सहावी तार पाचवा फ्रेट, मग आठवा. पाचवी तार सातवा. चौथी तार सातवा, दहावा. तिसरी तार नववा. दुसरी तार दहावा, तेरावा. पहिली तार बारावा. हे ए मायनरचे तीन सूर, तीन सप्तकांत. स्ट्रोक असे पडतात: खाली-वर-खाली, खाली-वर-खाली, खाली-वर-खाली. तीन-तीनचे गट आपोआप होतात.

आता थांबून पट्टीकडे बघा. हात आडवा एका जागी न राहता वर सरकत गेला. चार बोटं असलेला माणूस एका जागी बसून वाजवतो. दोन बोटं असलेल्याला प्रवास करावाच लागतो. जँगोच्या ओळी पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत झेपावतात त्याचं एक मोठं कारण त्याच्या हातात होतं. म्हणून हा सराव दोन बोटांनी करा असं म्हणतो. त्याच्या दुखण्याची नक्कल म्हणून नव्हे, तर सुरांचे रस्ते तसेच आहेत म्हणून. पुढे तुमचं वादन तुम्ही चारही बोटांनी करा.

चौथी पायरी: तिन्ही कॉर्डांचे सूर

ए मायनरच्या रस्त्यात एफ शार्प मिसळा: पाचव्या तारेवर नववा फ्रेट, तिसरीवर अकरावा, पहिलीवर चौदावा. डी मायनरसाठी तोच आकार एक तार पुढून: पाचवी तार पाचवा आणि आठवा, चौथी सातवा, तिसरी सातवा आणि दहावा, दुसरी दहावा, पहिली दहावा.

ई सेव्हनला जँगोचा आवडता मार्ग म्हणजे डिमिनिश्ड, सारख्या अंतरावरच्या सुरांची ताणलेली कॉर्ड. प्रत्येक तारेवर दोन सूर, तीन फ्रेटच्या अंतराने. सहावी चौथा-सातवा, पाचवी पाचवा-आठवा, चौथी सहावा-नववा, तिसरी सातवा-दहावा, दुसरी नववा-बारावा, पहिली दहावा-तेरावा. शेवटच्या तेराव्यावरून एक फ्रेट खाली, बाराव्यावर उतरा, आणि त्याच क्षणी साथ ए मायनरला येऊ द्या. ताणलेलं काहीतरी सुटल्यासारखं वाटेल. हा एक क्षण शंभरदा वाजवला तरी मला कंटाळा येत नाही.

मग शेजारचे सूर. कुठल्याही कॉर्डच्या सुरावर उतरण्याआधी त्याच्या एक फ्रेट खालचा सूर घ्या: सी च्या आधी बी, ई च्या आधी डी शार्प. एवढ्यानेच सरळ ओळ वाकते, बोलायला लागते. जलद क्रोमॅटिक धाव, म्हणजे एकही फ्रेट न सोडता वर जाणं, ही जँगोची खास खूण; पण ती शेवटी शिका. ती इतकी आकर्षक आहे की दर दोन ओळींनंतर घालावीशी वाटते आणि मग तिची किंमत राहत नाही.

पाचवी पायरी: आता सैल सोडा

इथपर्यंत तीन-चार महिने लागतील. इथून पुढचं शिकवणं अवघड आहे, पण ऐकून-ऐकून जे हाती लागलं ते सांगतो.

पहिल्या मात्रेवर ओळ सुरू करू नका. एक मात्रा, दोन मात्रा जाऊ द्या. आवर्तन तुमची वाट बघत नाही, ते पुढे जातंच, आणि तुम्ही धावत्या गाडीत चढता. जँगोच्या वादनातला बेफिकीरपणा बराचसा या उशिरा चढण्यात आहे. तसंच ओळीचा शेवट कॉर्ड बदलाच्या सीमेवर करू नका. ओळ पलीकडे सांडू द्या.

एका मात्रेत दोन सूर येतात तेव्हा ते सारखे नसतात. पहिला किंचित लांब, दुसरा आखूड. कमी लयीत हा झोका स्पष्ट असतो, जलद लयीत तो जवळजवळ सपाट होतो. कागदावर मोजून हे येत नाही. मुद्रिका सत्तर टक्के वेगाने लावा आणि सोबत तोंडाने म्हणा.

षड्जावर, म्हणजे ए वर, ओळ संपवायचा मोह टाळा. एफ शार्पवर किंवा बी वर थांबा. दार उघडं राहिल्यासारखं वाटतं, आणि पुढची ओळ तिथूनच सुचते.

आणि सुरावट मध्येच तोडा. हे मला त्याच्यात सगळ्यांत धाडसी वाटतं. एकेरी सुरांची सुंदर ओळ चाललेली असते आणि अचानक तो सप्तकाच्या जोडसुरांत वाजवायला लागतो; किंवा एक कॉर्ड धरून उजव्या हाताने थरथरवत ठेवतो, जणू मागे ब्रास सेक्शन, म्हणजे ट्रम्पेट-ट्रोम्बोनचा ताफा, उभा राहिलाय; किंवा एकच सूर ताणून, हलवून, व्हायोलिनसारखा गायला लावतो. तुम्ही सुरुवातीला प्रत्येक आवर्तनात एकच अशी मोड घ्या. समजा, तिसऱ्या ए मायनरला, म्हणजे अकराव्या-बाराव्या बारात, सुरावट सोडून फक्त थरथरती कॉर्ड. जागा ठरलेली असली की हिंमत होते. पंधरा दिवसांनी जागा बदला.

चुकीचा सूर लागला तर थबकू नका. कॉर्डचा सूर एक-दोन फ्रेटच्या आतच असतो. तिथे सरका, आणि शक्य असेल तर तीच चाल पुन्हा मुद्दाम वाजवा. वेगात वाजवणाऱ्या जँगोच्याही तारा कुठे कुठे खरखरतात, एखादा सूर अर्धवट पडतो. त्या काळी एका बैठकीत, एका दमात मुद्रण व्हायचं, आणि तो साफसूफ करण्यासाठी मागे वळत नाही. पुढे काय येतंय याचीच त्याला ओढ.

शांतता विसरू नका. आठ मात्रा वाजवा, चार मात्रा गप्प बसा. नवशिक्याला या चार मात्रा फार लांब वाटतात. ठेका पोटात बसला असेल तर त्या लांब वाटत नाहीत, म्हणूनच दुसऱ्या पायरीला मी इतका अडून बसलो.

रोजचा वेळ असा वाटून घ्या: निम्मा ला पाँप, पाव भाग स्ट्रोक आणि सुरांचे रस्ते, उरलेला पाव भाग नुसतं भटकणं. भटकताना फोनवर ध्वनिमुद्रण करा आणि लगेच ऐकू नका, दोन दिवसांनी ऐका. वाजवताना वाईट वाटलेली जागा कित्येकदा सगळ्यांत चांगली निघते.

पुढे काय ऐकाल

१९४६ मध्ये जँगो अमेरिकन जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाबरोबर अमेरिकेत दौऱ्यावर गेला, आणि पुढच्या वर्षांत तो इलेक्ट्रिक गिटारकडे वळला, बीबॉपची, म्हणजे जॅझच्या तेव्हाच्या नव्या, गुंतागुंतीच्या शैलीची, भाषा आपलीशी केली. १९५३ च्या मुद्रिकांत, उदाहरणार्थ ‘ब्लूज फॉर आइक’मध्ये, तो कमी सूर वाजवतो आणि प्रत्येक सुराला वजन आहे. पंचकाच्या चाहत्यांना हा जँगो परका वाटतो. मला तो तितकाच जवळचा आहे. त्यानंतरच्या पिढ्यांतले स्टोकेलो रोझेनबर्ग आणि बिरेली लाग्रेन जरूर ऐका. रोझेनबर्गचा उजवा हात पाहण्यासाठी तरी त्याचे व्हिडिओ बघा. टेकवलेला स्ट्रोक कसा दिसतो हे वाचून जितकं कळतं त्याच्या दहापट बघून कळेल.

आपल्याकडचा एक गिटारवादकही या यादीत हवा: अमान्सिओ डिसिल्वा. मुंबईत वाढलेला गोवेकर, पुढे लंडनला गेला. १९६९ मध्ये सॅक्सोफोनवादक जो हॅरियटबरोबर केलेली त्याची ‘हम दोनो’ ही रेकॉर्ड जँगोच्या वाटेची नाही, पण दोन संगीतांच्या मधल्या जागेत माणूस किती निर्धास्त उभा राहू शकतो हे तिच्यात ऐकू येतं.

दुसरी गिटार शोधा

बॅकिंग ट्रॅकवर, म्हणजे आधी मुद्रित केलेल्या साथीवर, महिनाभर घालवा, जास्त नको. ट्रॅक तुमचं ऐकत नाही. ओळखीतला कुणीही, ज्याला तीन कॉर्ड धरता येतात, त्याला ला पाँप शिकवा. समोरासमोर बसा, एकमेकांचे उजवे हात दिसतील असे. एकाने दोन आवर्तनं सोलो घ्यायचा, दुसऱ्याने साथ धरायची, मग अदलाबदल. सोलो संपताना शेवटच्या दोन बारांत मान वर करून दुसऱ्याकडे बघायचं, म्हणजे तो तयार राहतो. साथ करणाऱ्याने लय वाढू द्यायची नाही. सोलोवाला रंगात आला की ती हमखास वाढते. चार-पाच फेऱ्या झाल्या की प्रस्तावनेची ओळ पुन्हा दोघांनी मिळून वाजवायची, आणि शेवटची ए मायनर सिक्स दोघांनी एकदम थरथरवून, एकाच क्षणी तळव्याने बंद करायची.